अडलेल्या गणिताला मदत कशी करावी



भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.चा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना एका विषयाची विशेष धास्ती वाटते. त्या विषयाला मराठींत पुंजयामिकी म्हणतात. कॉलेजांत त्याचें नांव 'क्वांटम मेकॅनिक्स' असें आहे. या विषयाचीं पहिलीं गणितें विद्यार्थ्याला कोठें अडवितात, आणि अशा वेळीं त्यास खरी मदत कोणती, हें आज मी सांगणार आहें. प्रश्न केवळ एका विषयाच्या गुणांचा नाहीं. आमच्या वर्धा जिल्ह्यांत आर्वी, आष्टी, समुद्रपूर अशा तालुक्यांतल्या खेड्यांतून मुलें बसनें कॉलेजांत येतात. घरीं कापसाची व तुरीची शेती असते. विज्ञान शिकणारी ती बहुधा घरांतली पहिलीच पिढी असते. गणित आठ दिवस अडलें कीं 'आपल्या डोक्याला हें झेपणारें नाहीं' असा निकाल मूल स्वतःच देऊन मोकळें होतें, आणि तो निकाल फिरविणारें घरांत कोणी नसतें.

माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. शाळेंत गणित शिकविण्यांत आयुष्य गेलें. निवृत्त झाल्यावर जुने विद्यार्थी कॉलेजच्या वह्या घेऊन येऊं लागले, तेव्हां त्यांच्याच पुस्तकांतून, त्यांच्या शेजारीं बसून, या विषयाचीं पहिलीं कांहीं प्रकरणें मीं वाचलीं. म्हणून हें भाषण पंडिताचें नव्हे, शेजारीं बसणाऱ्या माणसाचें आहे असें समजावें.

प्रथम विषयाची ओळख करून घेऊं. 'पुंज' म्हणजे ढीग किंवा गठ्ठा. इ. स. १९०० मध्यें मॅक्स प्लँक या जर्मन शास्त्रज्ञानें असें मांडलें कीं, तापलेला पदार्थ ऊर्जा देतो ती पाण्याच्या धारेसारखी अखंड नव्हे, तर ठराविक गठ्ठ्यांनीं देतो. दुकानदार नारळ अख्खाच विकतो, पाऊण नारळ विकत नाहीं, तशांतला हा प्रकार. १९०५ सालीं आइन्स्टाइन यांनीं प्रकाश स्वतःच अशा गठ्ठ्यांचा असतो, असें सांगितलें. १९२४ मध्यें लुई द ब्रॉय या फ्रेंच शास्त्रज्ञानें याच्या उलट बाजूचा विचार मांडला: प्रकाशाची लाट जर कणासारखी वागते, तर इलेक्ट्रॉनसारखा कणही लाटेसारखा वागला पाहिजे. पुढें १९२५ व १९२६ या दोन वर्षांत हायझेनबर्ग आणि श्रोडिंजर यांनीं या सर्वांचें रीतसर गणित उभें केलें. त्याला शंभर वर्षें झालीं म्हणून संयुक्त राष्ट्रसंघानें २०२५ हें वर्ष या शास्त्राचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें.

आतां गणितांकडे वळूं. विद्यार्थ्याच्या वाट्याला पहिलें गणित येतें तें बहुधा असें: सोडियम धातूच्या पत्र्यावर ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा प्रकाश पाडला, धातूंतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास सुमारें २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. तर बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनपाशीं जास्तींत जास्त किती ऊर्जा उरेल? नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, आणि इलेक्ट्रॉन-व्होल्ट हें ऊर्जेचें लहानसें माप. इतकी मापें एकदम पुढें आलीं कीं विद्यार्थी गांगरतो. परंतु १२४० हा एकच आंकडा लक्षांत ठेवला तर वाट सोपी होते. १२४० ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीनें भागावें, म्हणजे प्रकाशाच्या एका गठ्ठ्याची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्यें मिळते. ४०० नें भागतां ३.१ आले. त्यांतून २.३ वजा जातां उरले ०.८. एवढेंच उत्तर.

हें गणित चौथीच्या वजाबाकीचें आहे. खरी अडचण पुढच्या प्रश्नांत असते: तांबडा प्रकाश शंभरपट प्रखर केला तर इलेक्ट्रॉन निघतील काय? विद्यार्थी 'होय' म्हणून मोकळा होतो. येथें मी त्याला रेल्वे स्टेशनावरील वजनाच्या यंत्राची आठवण देतों. त्या यंत्रांत ठराविक नाणें टाकल्याशिवाय वजनाचें तिकीट बाहेर येत नसे. त्याहून हलकीं नाणीं मूठभर टाकलीं, तरी यंत्र ढिम्म राही. ७०० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाचा गठ्ठा सुमारें १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, सोडियमला हवा २.३ चा. प्रखरता वाढविणें म्हणजे हलक्या नाण्यांची संख्या वाढविणें. तीं कितीही टाकलीं तरी तिकीट येणार नाहीं.

दुसऱ्या प्रकारचें गणित कणांच्या लाटांचें. १६० ग्रॅम वजनाचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला ३० मीटर वेगानें जात आहे. त्याच्या लाटेची लांबी किती? सूत्रांत आंकडे घातले कीं उत्तर मीटरमध्यें असें येतें कीं दशांशचिन्हानंतर तेहतीस शून्यें, आणि मग १४. विद्यार्थ्याला वाटतें, कोठें तरी चुकलें. चुकलेलें नसतें. ही लांबी अणूपेक्षांही इतकी लहान आहे कीं तिचा मागमूस कोणत्याही उपकरणाला लागणार नाहीं. म्हणूनच मैदानावर चेंडू चेंडूसारखा वागतो. तेंच गणित १०० व्होल्टनें पळविलेल्या इलेक्ट्रॉनसाठीं केलें, तर लाटेची लांबी सुमारें ०.१२ नॅनोमीटर येते. स्फटिकांतील अणूंमधलें अंतर याच्याच जवळपास असतें. म्हणून १९२७ सालीं स्फटिकावर इलेक्ट्रॉन सोडून त्यांचें लाटेसारखें वागणें प्रयोगानें दाखवितां आलें. हीं दोन उत्तरें शेजारीं शेजारीं लिहावयास लावलीं, म्हणजे 'लहान जगाचे नियम निराळे कां दिसतात' हें व्याख्यानावांचून कळतें. मात्र चेंडूचें वजन ग्रॅममध्येंच ठेवून गणित पुढें रेटणारे पुष्कळ असतात. म्हणून प्रत्येक आंकड्याबरोबर त्याचें माप मोठ्यानें म्हणावयास सांगावें.

तिसरें गणित या विषयाचा उंबरठाच म्हटलें पाहिजे. त्याला 'पेटींतला कण' म्हणतात. एक इलेक्ट्रॉन एका अरुंद जागेंत कोंडला आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींतून तो बाहेर पडूं शकत नाहीं. पुस्तकांत येथें एकदम श्रोडिंजरचें समीकरण येतें आणि मुलांचा धीर सुटतो. मी त्यांना भजनी मंडळांतली एकतारी आठवावयास सांगतों. तार दोन्ही टोकांना पक्की असते. छेडल्यावर ती मध्यें फुगते, पण टोकांना हलत नाहीं. म्हणून तारेवर लाटेचा एक अर्धा भाग मावेल, किंवा दोन मावतील, किंवा तीन. अडीच मावणार नाहींत. पेटींतल्या इलेक्ट्रॉनच्या लाटेचें हेंच आहे. पेटी १ नॅनोमीटर रुंद असेल, तर सर्वांत लांब लाट २ नॅनोमीटरची, कारण तिचा अर्धा भाग पेटींत बसतो. लाटेची लांबी कळली कीं संवेग कळतो, संवेग कळला कीं ऊर्जा कळते. पहिल्या पायरीची ऊर्जा ०.३७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. दुसरीची तिच्या चौपट, म्हणजे १.५०४; तिसरीची नऊपट, म्हणजे ३.३८४. मधल्या ऊर्जा नाहींत. उतारावर कोठेंही उभें राहतां येतें, जिन्यावर मात्र पायरीवरच उभें राहावें लागतें.

इलेक्ट्रॉन तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर उतरला, तर १.८८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रकाश बाहेर पडेल. मघांच्या १२४० ला या आंकड्यानें भागलें, तर ६६० नॅनोमीटर येतात. हा तांबडा रंग आहे. सूत्रांच्या जंगलांतून चालतां चालतां शेवटीं डोळ्यांना दिसणारा रंग हातीं आला, म्हणजे मुलाचा चेहरा फुलतो. तेथें थोडें थांबावें. पुढच्या गणिताची घाई करूं नये.

यापुढचा प्रश्न मात्र चांगल्या विद्यार्थ्यांनाही चकवितो. इलेक्ट्रॉन पहिल्या पायरीवर असतांना पेटीच्या मधल्या तृतीयांशांत सांपडण्याची संभाव्यता किती? याच प्रश्नावर आमच्या जिल्ह्यांतली एक मुलगी अडली होती. तिचें उत्तर ०.३३ येई, पुस्तकाच्या मागें ०.६१ छापलेलें. चार वेळां केलें, चारही वेळां तेंच. पुढच्या वर्षीं भौतिकशास्त्र सोडून द्यावें, असें तिनें मनाशीं ठरवीत आणलें होतें.

ती म्हणाली, "गुरुजी, एक-तृतीयांश जागा, म्हणून एक-तृतीयांश संभाव्यता. माझें उत्तर मला बरोबरच वाटतें. मग पुस्तक चुकलें कीं मी?"

मीं म्हटलें, "बाळ, तें मागून पाहूं. आधीं तार कशी फुगते तें काढून दाखव."

तिनें आलेखाच्या कागदावर आकृति काढली. संभाव्यता लाटेच्या उंचीच्या वर्गाप्रमाणें असते, हें तिला पाठ होतें. म्हणून वर्गाचा आलेख काढला: मध्यें उंच टेकडी, दोन्ही भिंतींपाशीं शून्य. त्याचे तीन सारखे पट्टे पाडून तिला चौकोन मोजावयास सांगितले. मधल्या पट्ट्यांत शंभरांपैकीं साठाच्या आसपास चौकोन आले, दोन्ही कडेच्या पट्ट्यांत सुमारें वीस वीस. म्हणजे उत्तर एक-तृतीयांशाहून पुष्कळ मोठें असलेंच पाहिजे, हें तिनें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. आतां तिचें ०.३३ कोठून आलें, एवढेंच शोधावयाचें राहिलें.

मग तिला सगळें गणित मोठ्यानें वाचावयास सांगितलें. समाकलन बरोबर होतें. शेवटच्या ओळींत चार पाय भागिले तीन या कोनाचा साइन काढावयाचा होता. तिनें यंत्रावर काढून वाचला: ०.०७३. एवढें मात्र शाळामास्तराला ठाऊक असतें. चार पाय भागिले तीन म्हणजे २४० अंश, आणि त्याचा साइन उणें ०.८६६. तिच्या गणनयंत्राची कळ अंशांवर ठेवलेली होती आणि पुस्तकांतला कोन रेडियनमध्यें होता. त्यामुळें यंत्रानें ४.१९ अंशांचा साइन दिला. कळ फिरवितांच ०.६०९ आलें. फसवें असें कीं, चुकीचें उत्तर नेमकें ०.३३ च्या जवळ, म्हणजे सामान्य समजुतीला पटेल असें येत होतें. म्हणूनच तिला संशय आला नाहीं.

ज्या मुलीनें समाकलन बिनचूक केलें होतें, ती एका कळीमुळें स्वतःला अपात्र समजत होती. तिनें विषय सोडला नाहीं. पुंजयामिकीचा अडसर पुष्कळदां पुंजयामिकींत नसतोच. तो मापांत, कोनांत, वर्गमुळांत, म्हणजे शाळेंत शिकलेल्या जुन्या गोष्टींत दडलेला असतो. आणि त्या गोष्टी ओळखणारीं माणसें घरांत व शेजारांत सांपडतात.

आतां कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? हल्लीं दूरध्वनीच्या यंत्राला प्रश्न विचारला कीं पायऱ्यांसह उत्तर पडद्यावर येतें. येतें खरें. तें उत्तर वाचून आपली चूक शोधणाऱ्याला त्याचा उपयोगही आहे. परंतु तयार उत्तर वहींत उतरवून घेतलें असतें, तर त्या मुलीच्या गणनयंत्राची कळ परीक्षेच्या दिवशींही अंशांवरच राहिली असती. अडलेल्या माणसाला उत्तर हवें असतें, हें खरें. पण त्याला त्याहून अधिक हवी असते ती आपण कोठें वळण चुकलों याची खूण.

मदत मागण्यांत कमीपणा आहे, असेंही मुलांना वाटतें. त्यांना या शास्त्राचाच इतिहास सांगावा. १९२५ मध्यें हायझेनबर्गनें जी नवी गुणाकाराची रीत शोधली, ती म्हणजे गणितांतल्या सारणींचा, ज्यांना इंग्रजींत मॅट्रिक्स म्हणतात त्यांचा, गुणाकार आहे हें त्याला स्वतःला ठाऊक नव्हतें; तें त्याचे वडीलधारे सहकारी मॅक्स बोर्न यांनीं ओळखलें, कारण विद्यार्थिदशेंत ते हा विषय शिकले होते. श्रोडिंजरला आपल्या समीकरणाचें उत्तर काढतांना हर्मान वाइल या गणितज्ञाची मदत झाली, आणि १९२६ सालच्या आपल्या पहिल्याच निबंधांत त्यानें वाइलचे आभार मानले आहेत. आपल्याकडील सत्येंद्रनाथ बोस हे ढाक्का येथें शिकवीत असतांना त्यांना प्लँकच्या नियमाची जुनी सिद्धता समाधानकारक वाटेना. त्यांचे वर्गबंधु मेघनाद साहा यांनीं या प्रश्नावरील नव्या निबंधांकडे त्यांचें लक्ष वेधलें. बोस यांनीं आपली सिद्धता लिहून १९२४ च्या जूनमध्यें ती थेट आइन्स्टाइन यांच्याकडे पाठविली. आइन्स्टाइन यांनीं ती स्वतः जर्मनमध्यें भाषांतरित करून छापविली. जेथें अशा माणसांनीं एकमेकांना विचारलें, तेथें खेड्यांतून आलेल्या मुलानें विचारण्यास लाजावें कशाला?

मदत करणाऱ्यानें चार गोष्टी पाळाव्या, असें मला अनुभवानें वाटतें. पहिली: गणित मोठ्यानें वाचावयास लावून, काय दिलें आहे व काय विचारलें आहे, हें विद्यार्थ्याला मराठींत सांगावयास लावावें. 'वेव्ह फंक्शन', 'प्रॉबॅबिलिटी' हे शब्द इंग्रजींत राहिले तरी हरकत नाहीं. वाक्य मात्र आपल्या भाषेचें हवें. ज्याला आपल्या भाषेंत प्रश्न सांगतां येत नाहीं, त्याला प्रश्न कळलेलाच नसतो. दुसरी: आकृति काढल्यावांचून सूत्राला हात लावूं देऊं नये. तिसरी: हिशेब करण्यापूर्वीं उत्तराचा अदमास घ्यावा; मोठें येईल कीं लहान, अर्ध्याहून अधिक कीं कमी. संभाव्यता एकाहून मोठी आली तर तें उत्तर तपासल्याशिवायच टाकून द्यावें. चौथी, आणि सर्वांत कठीण: पेन्सिल विद्यार्थ्याच्याच हातीं राहिली पाहिजे. शिकविणाऱ्यानें ती उचलली कीं गणित त्याचें झालें, विद्यार्थ्याचें राहिलें नाहीं.

यांत माझें स्वतःचें नवें असें कांहीं नाहीं. १९३७ च्या ऑक्टोबरमध्यें याच वर्ध्यांत शिक्षणपरिषद भरली. शिक्षण मातृभाषेंतून असावें आणि तें हाताच्या उद्योगाभोंवतीं गुंफलेलें असावें, असें तेथें ठरलें, पुढें डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याची योजना तयार केली. ती योजना सात वर्षांच्या प्राथमिक शिक्षणासाठीं होती आणि तींत टकळी व चरखा होता. इलेक्ट्रॉनचा विचार कोणाच्या मनांत नव्हता. तरीपण त्या मुलीनें आलेखाच्या कागदावर चौकोन मोजले आणि जें समजलें तें मराठींत सांगितलें, तेव्हां हातानें करावें व आपल्या भाषेंत समजावें हीच रीत तेथें कामीं आली.

मदतीचीं साधनेंही आज पूर्वीपेक्षां पुष्कळ जवळ आलीं आहेत. निरनिराळ्या आय.आय.टी. संस्थांतील प्राध्यापकांचीं या विषयावरील व्याख्यानें घरबसल्या विनामूल्य ऐकतां येतात. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठींतून विज्ञान सांगत आली आहे. केंद्र सरकारनें २०२३ मध्यें या शास्त्राच्या संशोधनासाठीं सुमारें सहा हजार कोटी रुपयांची राष्ट्रीय योजना मंजूर केली, आणि तिच्या चार केंद्रांपैकीं एक मुंबईच्या आय.आय.टी.कडे आहे. अशा कामाला माणसें लागतील, तीं कोठून यावयाचीं? आज बी.एस्सी.च्या दुसऱ्यातिसऱ्या वर्षांत पेटींतल्या कणापाशीं अडून बसलेल्या मुलांतूनच तीं यावयाचीं आहेत. त्यांतलें एखादें मूल गणनयंत्राच्या कळीपायीं परत फिरलें, तर तें नुकसान त्या घरापुरतें राहत नाहीं.

म्हणून श्रोत्यांना माझी एवढीच विनंति आहे. आपल्या घरांत किंवा शेजारांत असें मूल असेल, तर रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसा. विषय आपणांस येत नाहीं, याचा संकोच बाळगूं नका. आकृति काढावयास सांगा, प्रत्येक आंकड्याचें माप विचारा, आणि जें कळत नाहीं तें 'पुन्हां सांग' म्हणून खुशाल विचारा. सांगतां सांगतांच पुष्कळ वेळां त्याला आपली चूक सांपडेल.